कोरड्या पातेल्यातला रंग

"भ्या वाटतंय की ओ मला!" पदराचं टोक तोंडाशी धरून शेजारच्या आक्का दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या. ट्रकच्या हॉर्नचं भ्या, इंजेक्शनचं भ्या. आमच्या पंख्याचंसुद्धा! म्हणून त्या आमच्याकडे उंबऱ्याबाहेरच बसायच्या. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. पण याच आक्का परसातल्या करडईत उघड्या हातांनी शिरायच्या. "दव हाय तवर काटं मऊ असत्यात," म्हणत केशरी पाकळ्या ओटीत खुडायच्या.

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत बाळ जन्मलं, की आक्का त्याला करडईच्या रंगातलं लाल दुपटं द्यायच्या. आमच्या दोन्ही खेपेला त्यांनी हौसेनं ते आधीच रंगवलं. दोन्ही बाळं जगली नाहीत. दुपटं आधीच रंगवल्याचा दोष आक्कांनी स्वतःकडे घेतला. किती समजावलं, पण छे!

दुष्काळाच्या साली बायकोला पुन्हा दिवस गेले. परसात सगळं वाळलं, करडई तेवढी उभी राहिली. आक्कांनी पाकळ्या वाळवून डब्यात भरल्या. "बाळ रडल्याबिगर ह्यास्नी पाणी लावायचं न्हाय."

उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. इकडे बायकोचे दिवस भरत आलेले. माझ्या तर जिवाचं पाणी पाणी झालं होतं. एका दुपारी त्यांनी बायकोला हाक मारली.

"भ्या वाटतंय की गं. मी गेलो तर रंग कोण काढणार?"

मग कोरडं पातेलं पुढ्यात घ्यायला लावलं. ना पाकळ्या, ना पाणी.

"चोळ. पिवळं पाणी टाकून दे. आजून टाक. आता पापडखार घालून मळ. आता लिंबू पिळ की!"

बायको रिकामी मूठ पिळत होती. मला दारात हसू आलं, तरी मी शेवटपर्यंत बघत राहिलो.

"आला रंग?"

"आला, आक्का."

"लाल?"

"लालभडक."

त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

पुढं मुलगी झाली. रडली चांगली खणखणीत. पण बायको दवाखान्यातून हलेना. "दोनदा रिकाम्या हातांनी घरी आलेय. आक्कांचं दुपटं आणा, मगच येईन."

मी आक्कांचा पाकळ्यांचा डबा उघडला. टँकरच्या पाण्यावरून भांडणाऱ्या बायकांनी आक्कांचं दुपटं म्हटल्यावर आपापल्या कळशीतलं पाणी माझ्या पातेल्यात ओतलं. पिवळं निघत होतं, निघतच होतं. पापडखार घातला, तर पाणी मातकट झालं. लाल नाही आलं तर? लिंबू पिळलं आणि कोरं दुपटं बुडवलं.

कापडावर हळूहळू लाल चढला. मी उंबऱ्याकडं वळून पाहिलं. विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

तरी मी मोठ्यानं म्हणालो, "लालभडक, आक्का."