पटेल फोरची हजेरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते स्वयंपाकघरात सिंकखाली कोंबलेल्या कॅरियर बॅगांसारखे साठतात. एकही आपण हौसेने आणलेली नसते, एकही टाकवत नाही, आणि दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात! माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच शाळेतल्या मंडळींचे आहेत. केनियात इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची सरकारी मुलांची शाळा. आमचे वडील तिथे रेल्वेत कारकून. वर्गात गुजराती, पंजाबी, गोवेकर आणि आम्ही दोन मराठी. पुढे त्यातले पंधरा-सोळा जण एकेक करून लेस्टरला येऊन पडलो. आता मी ऐंशीला टेकलोय, आणि खरं सांगायचं तर तेच ते सांगून दमलोय. पण तुम्ही नवे आहात, तर बसा.

* * *

लेस्टरात आम्ही ओल्ड बॉईजचं मंडळ काढलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये लंच. सेक्रेटरी निवडायच्या वेळी मी टॉयलेटला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या!

त्याला तीस वर्षं झाली. हॉल बुक करा, कुणाला साखर चालत नाही, कुणाला जिने चालत नाहीत, कुणाच्या हिअरिंग एडची बॅटरी संपलीय, सगळं माझ्याच गळ्यात. दोनदा उभा राहून राजीनामा दिला. दोन्ही वेळा मंडळी म्हणाली, "साने, मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही!"

* * *

मंडळाचा खरा मालक मात्र केळकर. विनायक केळकर, वर्गातला दुसरा मराठी, आमचा मॉनिटर आणि माझा शेजारी. शाळेत रोज सकाळी मास्तर खुर्चीत बसायचे आणि हजेरी मॉनिटर घ्यायचा. केळकरने ती सवय सोडलीच नाही! वर्गातली चौतीस नावं त्याने आठवणीतून एका निळ्या वहीत उतरवली होती, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. हजेरी झाल्याशिवाय लंचला हात लावायचा नाही. स्वतःचं नाव आलं की "केळकर!" असं ओरडायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "प्रेझेंट, सर!"

गेलेल्यांचीही नावं तो घ्यायचा. जरा थांबायचा, मग वहीत ए लिहायचा. ए म्हणजे ॲबसेंट. पहिल्या वर्षी आमच्या डोळ्यांत पाणी आलं. विसाव्या वर्षी मोगोचे, म्हणजे कसाव्याच्या कंदाचे, तळलेले काप गार व्हायला लागले, कारण थांबायच्या जागा फार वाढल्या होत्या.

* * *

वर्गात सहा पटेल होते. हेडमास्तर इंग्रज. त्यांना एकाचंही पहिलं नाव धड म्हणता येईना, म्हणून त्यांनी नंबर दिले. पटेल वन ते पटेल सिक्स. पटेलांनी ते नंबर जन्मभर वापरले. फोन उचलला की, "हॅलो, फोर बोलतोय." (आमचं आपसातलं बोलणं म्हणजे गुजराती, इंग्रजी आणि स्वाहिलीची खिचडी. इथे मी मराठीत सांगतोय.)

पटेल टू गेला तेव्हा क्रिमेटोरियमच्या बाहेर पटेल थ्रीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साने, आता मी टू झालो का?"

मी म्हटलं, मॉनिटरला विचार. केळकरने मफलर नीट केला आणि म्हणाला, "प्रमोशन नाही. नंबर रिकामा राहील."

पटेल थ्रीचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या हिवाळ्यात तोही गेला, थ्री म्हणूनच.

* * *

आता केळकरने मला काय केलं ते ऐका. आम्ही तेरा वर्षांचे. पटेल फोर शाळा बुडवून रेल्वे मैदानावर क्रिकेटची मॅच बघायला गेला. मला म्हणाला, "माझी हजेरी तू दे." मास्तर खिडकीबाहेर बघत होते. केळकरने नाव पुकारलं, "पटेल फोर!" मी मान खाली घालून, फोरसारखं नाकात बोलून म्हटलं, "प्रेझेंट, सर!"

केळकरची पेन्सिल थांबली. माझा जिवलग मित्र! काल संध्याकाळी माझ्याच घरी थालीपीठ खाऊन गेलेला! त्याने हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, साने पटेल फोरची हजेरी देतोय!"

हेडमास्तरांच्या ऑफिसात सहा छड्या. सगळ्या डाव्या हातावर, कारण उजव्याने लिहायचं असतं. साहेबाचा विचार किती पुढचा बघा!

हात सुजला, म्हणून घरी जाताना माझं दप्तर केळकरनेच उचललं. रस्ताभर सॉरी म्हणाला नाही. फाटकाशी दप्तर देताना म्हणाला, "मी आवाज ओळखला. तुझा आवाज मला न ओळखता येणं शक्य नाही."

हे त्याला मी पासष्ट-सहासष्ट वर्षं ऐकवत आलो. सॉरी आजवर नाही!

* * *

इथल्या एका प्रायमरी शाळेत पटेल फोरची नात होती. त्यांना ब्रिटिश एम्पायर शिकवत होते, तर फोरला, केळकरला आणि मला बोलावलं. टीचरने सुरुवातीलाच मुलांना बजावलं, "आज काही गोष्टी अपसेटिंग असतील. कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर हात वर करा." पहिला हात केळकरने वर केला. त्याला टॉयलेटला जायचं होतं.

मग मी छड्यांचं सांगितलं. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "पण तुम्ही पोलिसांना फोन का नाही केलात?"

केळकर म्हणाला, "फोन हेडमास्तरांच्या ऑफिसात होता."

* * *

त्यानंतर दोनेक वर्षांत केळकर किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायला लागला. बायको आधीच गेलेली. मुलगी मीरा, इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. ती एक दिवस माझ्या किचनमध्ये येऊन रडली. "काका, बाबा गॅस ऑन ठेवून वॉकला जातात. इट्स नॉट सेफ. माझी झोपच होत नाही."

ज्या वर्षी इथे पंतप्रधान भराभर बदलत होते, त्या वर्षी मेमरी क्लिनिकला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर पुण्याचा तरुण मुलगा, फार अदबशीर. म्हणाला, "काका, सध्या प्राइम मिनिस्टर कोण आहेत, सांगता का?"

केळकर म्हणाला, "सकाळचे सांगू की आत्ताचे?"

डॉक्टर हसला, पण मार्क दिला नाही. मग त्याने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सफरचंद, टेबल, पेन. पाच मिनिटांनी विचारलं तर केळकरला एकही आठवेना. पेन तर डॉक्टरच्याच हातात होतं! मीराने तोंड वळवलं. केळकर ताठ बसला आणि म्हणाला, "वर्गाची हजेरी घेऊ?" आणि अहमदपासून झवेरीपर्यंत चौतीस नावं न अडखळता म्हणून दाखवली, सहाही पटेल नंबरवार.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "अहो काका, ग्रेटच. पण ह्याला मार्क नाहीत हो."

"मग पेपर चुकीचा काढलाय," केळकर म्हणाला.

* * *

आमच्या शेवटच्या लंचला पाच जण होतो. ते शेवटचं आहे हे फक्त सेक्रेटरीला माहीत होतं, कारण हॉलचं पुढचं बुकिंग मी केलंच नव्हतं. दमलो होतो. केळकर हजेरी घेत घेत माझ्यापर्यंत आला. "साने!"

"प्रेझेंट, सर!"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून माझ्या नावापुढे ए लिहिला.

"अरे, मी इथे बसलोय!" मी म्हटलं.

पटेल फोर टेबलावर हात आपटून हसला. "साने, तू गेलास! आता तरी सेक्रेटरीपण सुटलं!"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला ते फार लागलं. मीराला मी त्यातलं काही सांगितलं नाही.

* * *

केळकरला ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांमधल्या एका केअर होममध्ये ठेवलं. मी दर गुरुवारी दोन बस बदलून जातो. तिथे मी कधी डॉक्टर असतो, कधी स्टेशनमास्तर. एकदा शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर झालो. केळकरने मला अर्धा तास शाळेबद्दल चांगलं चांगलं सांगितलं! मी पण मान डोलावत ऐकलं.

साने मात्र एकदाही झालो नाही.

शेवटच्या लंचच्या पाचांतले दोघं आधीच गेले होते, गेल्या महिन्यात पटेल फोर गेला. शेवटी मुलीकडे वॉटफर्डला राहायला गेला होता, तिचाच फोन आला. म्हणजे आता मला "अरे साने" म्हणणारं जगात एकच माणूस उरलं, आणि ते मला स्टेशनमास्तर म्हणतं. बाकीचे सगळे मला मिस्टर साने म्हणतात नाहीतर ग्रँडपा. देवाकडे काही मागायचं वय राहिलं नाही. तरी बसमध्ये बसलो की मनात एवढंच येतं, एकदा, फक्त एकदा ह्याने मला ओळखावं.

* * *

परवाच्या गुरुवारी गेलो तर केळकर लाउंजमध्ये बेचैन बसला होता. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, टीव्हीवर कसली तरी क्विझ. ग्रेस म्हणून तिथली केअरर आहे, ती मला हळूच म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय. जेवला पण नाही."

निळी वही मांडीवर उघडी होती. मला बघून केळकर म्हणाला, "बेल होऊन गेली. एकही मुलगा आला नाही."

मग त्याने पुकारलं, "अहमद!"

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी म्हणाली, "नो थँक यू, डियर."

"अहमद!" तो पेनने वहीवर टकटक करायला लागला. मला ते बघवेना. मी त्याच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि घसा साफ केला.

"प्रेझेंट, सर!"

टकटक थांबली. त्याने वहीत टिक केली. "भट्ट!"

"प्रेझेंट, सर!" मी जाड आवाजात म्हटलं.

देसाई किनरा होता, तो किनऱ्या आवाजात दिला. डिसोझा घोगरा. केळकरचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच "प्रेझेंट, सर!" म्हणाला. ग्रेस ट्रॉली धरून उभीच राहिली. वीस-एकवीस पोरांची हजेरी मी दिली असेल. घसा कोरडा पडला. केळकरचे खांदे सैल झाले होते, टिकमागून टिक पडत होती. पटेल वन आला, टू आला, थ्री आला, सगळे हजर!

"पटेल फोर!"

मी मान खाली घातली. नाकात बोललो. "प्रेझेंट, सर!"

पेन थांबलं.

केळकरने वही मिटली. खुर्चीच्या दांडीवर जोर देऊन उभा राहिला. मागे माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्हीकडे तोंड करून त्याने हात वर केला, आणि इतक्या महिन्यांत ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, साने पटेल फोरची हजेरी देतोय!"

मी उठलो आणि डावा हात पुढे केला.