बोरन्हाणात थांबवलेला खेळ

"थांबा रे सगळे. हिला आधी घेऊ दे. हिच्याकडे कुठे मिळतं हे सगळं."

मेधाकाकू असं म्हणाल्या आणि खेळ थांबला. दोह्यातल्या बिन महमूदमधला त्यांचा फ्लॅट. संक्रांतीनंतरचा शुक्रवार, त्यांच्या धाकट्याचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने घालून तो पाटावर बसलेला. त्याच्या डोक्यावरून नुकतीच बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतलेल्या. ओतलं की पोरांनी तुटून पडायचं, ढकलाढकली करायची, हाताला लागेल ते वेचायचं, एवढाच त्या खेळाचा नियम. मी सहा वर्षांची. एका पोराला कोपराने बाजूला सारून मी दोन्ही मुठी भरल्या होत्या. चांगली जिंकत होते.

पोरं मागे सरली. चादरीवर मी एकटी. काकू वाकल्या, माझ्या फ्रॉकची झोळी केली आणि आपल्या हाताने त्यात बोरं भरू लागल्या. बायका कौतुकाने बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, बिचारी. मला एवढंच कळलं की मघाशी मी जिंकत होते आणि आता कुणीच खेळत नाहीये.

माझी आई सिन्नरची, बाबा नैरोबीचे. रंग आणि केस बाबांचे, तोंडातली भाषा आईची. काकूंची मोठी मुलगी ऋचा घरात इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी मराठीत भांडायचे. बाबा इंजिनिअर, आणि काकूंचे यजमान बाबांच्याच हाताखाली कामाला. काकूंना हे पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरी येऊन, आमच्या सोफ्यावर बसून चहा प्यायलेल्या. तरी माझ्याकडे बघितलं की त्यांना भूकच दिसायची. टीव्हीवर कधीतरी पाहिलेली कुणाची तरी भूक. ती त्या माझ्या तोंडावर चिकटवायच्या.

निघताना प्रत्येकीला वाण मिळालं, स्टीलचा डबा. आईलाही मिळाला. वर एक पिशवी मिळाली, ऋचाच्या जुन्या फ्रॉकांची. हिला नाही झाले तर हिच्या बाबांच्या गावी पाठव, तिकडे गरज असते, असं काकू इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की आईने पिशवी घेतली. बाबांचं गाव म्हणजे नैरोबी. माझी आत्या तिथे दातांची डॉक्टर आहे.

घरी बाबांनी एक फ्रॉक उचलून पाहिला. नीट घडी घातली, परत ठेवला. आई म्हणाली, "ती मनाने चांगली आहे."

हे वाक्य पुढे इतक्या वेळा ऐकलं की त्याची चीड यायला लागली. चीड यायची कारण ते खरं होतं. आईला टायफॉइड झाला तेव्हा रोजचा डबा काकूंकडून आला. बाबांशी लग्न केलं म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दोह्यात तिला नावाने हाक मारणारं पहिलं मराठी घर काकूंचंच. शिवी देणाऱ्याला उलट शिवी देता येते. गालावरून हात फिरवत तुम्हाला खाली बसवणाऱ्या बाईचं काय करायचं? तक्रार करायला गेलं तर आपणच कृतघ्न.

पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. काकूंनी विचारलं, कुठल्या संस्थेने दत्तक घेतलं? फी बाबा भरत होते. शिकून परत आले, दोह्यातच नोकरी लागली, पेढे घेऊन गेले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, कुठून कुठे आलीस गं! मी बिन महमूदमधून आले होते. त्यांच्या मागच्या बिल्डिंगमधून.

आता काकू अल रय्यानला ऋचाच्या व्हिलात राहतात. तिथल्या गेटवरच्या गार्डला त्या रोज जेवण पाठवतात. एकदा मला म्हणाल्या, तुमच्याकडचाच आहे, बोल ना त्याच्याशी. तो घानाचा. घाना आणि केनियाच्या मधे निम्मा खंड पडलाय. आम्ही एकमेकांना गुड इव्हनिंग म्हणालो आणि दोघंही अवघडलो.

गरिबीची मला लाज नाही. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? आणि समजा, असते मी खरंच गरीब. असती घरी खायची मारामार. तरी खेळ थांबवायचा नसतो. गरीब पोरालाही कोपर मारून वेचायचं असतं.

यंदाच्या संक्रांतीला ऋचाच्या मुलाचं बोरन्हाण होतं. बायका झाडून सगळ्या काळ्या साड्यांत. वर्षातून एक दिवस आमच्यात काळ्या रंगाचं कौतुक असतं. काळं किती खुलतं गं तुला, असं एकमेकींना म्हणत फोटो चालले होते. मी आईला आणि माझ्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते. आई हल्ली दोह्याबाहेर उम्म सलालला राहते, शेजारी मराठी कुणी नाही. या हळदीकुंकवाची ती महिनाभर वाट बघते.

बोरं ओतली. लेक घुसली. तिचा रंग माझा, केस माझे, कोपरही माझंच. दोन्ही मुठी भरल्या. आणि काकू, गुडघे साथ देत नाहीत तरी, ऋचाच्या खांद्याचा आधार घेत खाली वाकल्या.

"थांबा रे. हिला आधी घेऊ दे."

पोरं थांबली. काकूंनी लेकीच्या फ्रॉकची झोळी केली, भरायला लागल्या. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मुठी तशाच घट्ट, चेहरा उतरलेला.

मी चादरीवर गेले. तिच्या फ्रॉकमधलं सगळं चादरीवर ओतलं. मुठीतलं राहू दिलं.

"काकू, खेळ थांबवू नका. मुठीतलं तिने वेचलंय. बाकीचंही तीच वेचेल."

"अगं, मी प्रेमाने..."

"माहीत आहे. तुम्ही मलाही प्रेमानेच उपाशी ठरवलं होतंत."

काकू रडायला लागल्या. सगळ्या बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. ऋचा मला इंग्रजीत म्हणाली की तिची आई कशी आहे ते मला ठाऊक आहे, निदान आज तरी गप्प बसायचं. माझ्या लेकीजवळ कुणी गेलं नाही. माझ्या ओठांवर सॉरी आलं होतं. सवय. ते गिळलं.

गाडीत आई माझ्या शेजारी बसली. ते नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी तयार होते. ते आलं नाही.

"आता मला कोण बोलावणार?" आई म्हणाली.

आईचं एकुलतं एक मराठी घर मी त्या दुपारी मोडलं असेल, तर मोडलं. ते घर मला झोळी करायला लावूनच उघडत होतं.

पुढच्या संक्रांतीला बोलावलं तर मी जाणार. लेकीला घेऊन जाणार. कुणी थांबा म्हणालं, तर त्याच जागी, सगळ्यांसमोर परत बोलणार. काकू रडल्या तर रडू देत. मी पाणी द्यायला उठणार नाही.