हवाबंद केबिनमधला तो तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. परदेशात एक बक्षीस जाहीर झालेलं होतं — सरकारी मदत न घेता माणसांना अंतराळाच्या सीमेपर्यंत न्यायचं, सुखरूप आणायचं, आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा उडवायचं. मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगमधले सामंतसर, निवृत्त इंजिनियर, त्यानं झपाटले होते. जवळच हाटकेशला त्यांच्या ओळखीत एक गाळा होता. दर रविवारी तिथे सर, मी आणि माझा मित्र प्रकाश जमायचो. मी ड्राफ्ट्समन, प्रकाश फिटर. अख्खं यान आमच्याच्यानं होणार नाही, हे सरांनाही कळत होतं. पण माणूस बसायची हवाबंद केबिन तरी करून दाखवू, मग एखादी मोठी कंपनी पुढे येईल — एवढीच आशा.

केबिन म्हणजे पत्र्याची टाकीच. उच्छ्वासानं खराब झालेली हवा शोषायला आत चुन्यासारख्या पावडरीचा डबा. पहिल्या चाचणीला मी बसलो, एक तासासाठी. दार बाहेरून आवळलं — आणि दहाव्या मिनिटाला मला आत राहवेना. स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. नुसतं ठोकलं असतं तरी त्यांनी उघडलं असतं. का नाही ठोकलं? प्रकाशसमोर भित्रा ठरेन म्हणून?

बसायच्या फळीखाली बाहेरच्या हवेचा छोटा व्हॉल्व्ह होता, चाचणीत बंद ठेवायचा. मी तो उघडला. उरलेला वेळ त्याला तोंड लावून काढला, शेवटी गुपचूप बंद केला. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "व्हॉल्व्ह?"

"बंदच होता," मी म्हणालो.

म्हणजे डबा काम करतोय, असं ठरलं.

पुढच्या रविवारी प्रकाश दोन तासांसाठी बसला. मी तिथेच होतो. सांगायला किती वेळ लागला असता — एक मिनिट? सर मधूनमधून पत्र्यावर ठोकायचे, तो आतून ठोकायचा. सव्वा तासानं आतून उत्तर आलं नाही. नट सोडवून त्याला ओढून काढला, तेव्हा ओठ निळे पडले होते.

वाचला तो. पण त्याला शब्द सापडेनासे झाले, उजवा हात थरथरायला लागला. नोकरी गेली. सरांनी गाळा सोडला. मरेपर्यंत ते स्वतःला दोष देत राहिले. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

ते बक्षीस पुढे परदेशातल्याच लोकांनी जिंकलं. टीव्हीवर यान उतरताना दाखवलं, तेव्हा मी मीरा रोडलाच, बेव्हर्ली पार्कला प्रकाशच्या घरी बसलो होतो. सुलभावहिनी, त्याची बायको, आत चहा करत होत्या. तो बराच वेळ शब्द जुळवत होता. मला वाटलं, आता हा विचारणार.

"तू... तास काढलास," तो म्हणाला. "मी घाबरलो असणार. म्हणून... हवा जास्त लागली."

"असेल," मी म्हणालो.