पुरुषांच्या बाजूचा कॅमेरामन

मोहिद्दीन १९९८ साली रत्नागिरीहून दुबईला आला. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत त्याला नोकरी लागली आणि पुढे तेवीस वर्षं तो अरब लग्नांत पुरुषांची बाजू टिपत राहिला. काठ्यांचा नाच, कॉफीचे पेले, नाकाला नाक लावून केलेलं स्वागत. बायकांच्या हॉलमध्ये पुरुषाला मज्जाव. तिथे कॅमेरा धरायला बाई हवी, म्हणून त्याने आपल्या बायकोलाच, बिलकीसला शिकवलं. डिस्कव्हरी गार्डन्स या वस्तीतल्या आपल्या एका खोलीत, उकळत्या डाळीवर फोकस लावायला सांगून.

"हात हलला बघ! कॅमेरा आहे, लाटणं नाही," तो पाहुण्यांदेखत म्हणायचा. "बायकांना फ्रेम कळत नाही. पण काय करणार, मला आत घेत नाहीत ना!"

पाहुणे हसायचे. बिलकीस चहा आणायला उठायची.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. पुरुष आपापलं शूटिंग आपणच करू लागले. बायकांच्या हॉलच्या दारात मात्र फोन काढून घेतात. आत एकटा बिलकीसचा कॅमेरा. स्टुडिओचा मालक अबुजर याने मोहिद्दीनला बोलावलं.

"मोहिद्दीनभाई, तुमची बाजू खलास. व्हिसा पुढे वाढवणार नाही. आता व्हिसा भाभींना देतो, त्यांच्या व्हिसावर राहा की! गाडी तर चालवता ना?"

तेव्हापासून तो गाडी चालवतो.

बिलकीसचं काम त्याने कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या शूटिंगचं एडिटिंगही बायकाच करायच्या. पण त्यात आपला हात दिसत असणार, एवढ्या एका समजुतीवर तो दिवस काढत होता. परवा दुपारी रास अल खैमाच्या एका लग्नाहून परतताना सिग्नलला त्याने विचारलंच.

"एक शॉट दाखव. नवरी आत येते तेवढाच."

"पुरुषांना दाखवणार नाही असं लिहून दिलंय मी."

"मी काय परका आहे? शिकवलं कोणी तुला?"

बिलकीसने कॅमेऱ्याची बॅग मांडीवर ओढून घेतली.

"तुम्ही शिकवलंत तसं दोन वर्षं घेतलं. प्रत्येक घरातून तक्रार आली. मग ते सोडलं, तेव्हापासून नाव घेऊन मलाच बोलावतात."

"मला बोलली नाहीस कधी?"

"तेव्हा व्हिसा तुमचा होता."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

"यल्ला, चला, सिग्नल सुटला," बिलकीस म्हणाली. "आणि स्टिअरिंग नीट धरा. हात हलतोय तुमचा."