वेल्सनं दार लावलं ते वर्ष

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लसूण सोलणं. दुपारी टीव्हीवर वेल्सचे मंत्री नवे नियम सांगत होते आणि बायको पाकळ्या सोलता सोलता मला ते मराठीत सांगत होती. मी चौथी पास. ती नर्स म्हणून इथं आली, मी तिच्या मागनं आलो. पावाच्या कारखान्यात भट्टीपुढं जन्म गेला. तिथं इंग्रजी लागत नाही, हात लागतात.

"शुक्रवारपासनं इंग्लंडला जायचा पूल बंद," ती म्हणाली. "इंग्लंडमधनं इकडं कुणी यायचं नाही, इथनं कुणी जायचं नाही."

"पण आपण इंग्लंडमध्येच आहोत की."

"अहो, हे वेल्स! वेगळा देश आहे. तीस वर्षं राहताय ना?"

"गावाकडं तर मी सगळ्यांना इंग्लंडच सांगतो."

"गावाला सांगा. पोलिसाला सांगू नका म्हणजे झालं."

ती हसली. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली. मला आत बसू दिलं नाही.

मला पण करोना झाला, पण हलका. माझे बंदीचे दिवस संपले, तिचे संपेनात. हॉस्पिटलात कुणाला सोडत नव्हते. ते वर्षच तसलं. एवढासा देश, त्यानं उन्हाळ्यात पाच मैलांपलीकडं जाऊ दिलं नाही, आणि आता फक्त गरजेच्याच वस्तू विकायच्या म्हणून दुकानातल्या कपड्यांवर प्लास्टिक टाकलं. बटाटे घ्या, मोजे नाहीत. तिला गाऊन हवा होता. मी त्या प्लास्टिकपुढं उभा राहिलो आणि हात घालायची हिंमत झाली नाही. लंडनचा टीव्ही एक सांगायचा, आमचा दुसरं. कुठला नियम आपला, हे तिलाच कळायचं. मला दारातनं बाहेर पाय टाकायचं भ्या वाटायचं. त्याहून जास्त भ्या फोनचं. वाजला तरी, नाही वाजला तरी.

एका संध्याकाळी वाजला. वॉर्डातली नर्स होती. हळूहळू बोलली, मला समजावं म्हणून. गेली, म्हणाली. शांत गेली.

मी खाली बसलो. आणि पहिली भीती मनात आली ती कुंकवाची. बायको लेकीला कायम सांगायची, "मी यांच्या आधी गेले तर सवाष्णीच्या हातानं कुंकू लावून पाठवा. तेवढं चुकवू नका." आता लेक पुलापलीकडं, इंग्लंडमध्ये स्लाऊला, तिच्या घरात सगळे पॉझिटिव्ह. आमच्या डोंगरातल्या गावात दुसरी मराठी बाई नाही. आणि करोनाच्या माणसाची पिशवी एकदा बंद झाली की परत उघडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. बोडक्या कपाळानं गेली तर? मी जिता असताना?

मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "सिस्टर, तुमचं लग्न झालंय?"

ती म्हणाली, "झालंय."

"नवरा जिवंत आहे?"

"मी घरनं निघाले तेव्हा सोफ्यावर होता, लव्ह. हलत होता. का विचारता?" इथल्या बायका कुणालाही लव्ह म्हणतात.

मी सांगितलं. रडत सांगितलं, किती कळलं देव जाणे. ती म्हणाली, "सकाळी लवकर आणा. तोवर मी पिशवी बंद करू देत नाही. पण आत यायचं नाही, दारातच थांबा."

रात्रभर वाटत होतं, तिची ड्युटी बदलेल, दुसरं कुणीतरी येईल आणि चेन ओढून टाकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं गेलो. पिंजरेची डबी खिशात घट्ट धरून. काचेच्या दारात ती आली. मास्कमुळं नुसते डोळे दिसत होते. पन्नाशीची असावी. मी डबी जमिनीवर ठेवून मागं सरकलो, तिनं उचलली.

"कुठं लावायचं? केवढं?"

मी माझ्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. "पाच पेनीच्या नाण्याएवढं. गोल."

ती गेली. मी उभा. येणारा प्रत्येक माणूस मला हाकलायलाच येतोय असं वाटत होतं. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळेला दुसरंच कुणी.

मग ती आली.

"लावलं, लव्ह. पण जरा वाकडं झालं."

"असू दे," मी म्हणालो. "ड्युटीच्या घाईत ती पण वाकडंच लावायची."

तिनं डोळे पुसले आणि आत गेली. मी स्टॉपवर जाऊन बसलो. आमच्या गावची बस आली, गेली. पुढची पण सोडली. घरी जायचं भ्या वाटत होतं.