तारणाचा रकाना

मी माझ्या कामासाठी बँकेत गेलो होतो; मॅनेजरकडे माझ्याआधी सुमनताई बसल्या होत्या. त्या आमच्या भागात जेवणाचे डबे देतात. कणीक मळायच्या यंत्रासाठी त्यांना कर्ज हवं होतं.

"तारण काय देणार?" मॅनेजरने विचारलं.

"अहो साहेब, तारायचं तुम्ही! मी कसलं तारण देऊ?"

सगळे हसले, मीही हसलो. मग वाटलं, त्यांचं चुकलं कुठे? बुडण्याची भीती नसलेल्यालाच आपण आधी होडी देतो.

"रोज चाळीस डबे, अकरा वर्षांत एक खाडा नाही," त्या म्हणाल्या. त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

शेवटी जामीन म्हणून मी सही केली, तेव्हा अर्ज पुढे सरकला. सुमनताईंनी हात जोडले. मला तो नमस्कार घेववेना. बँकेने विश्वास ठेवला तो माझ्या दोन घरांवर, त्यांच्या अकरा वर्षांवर नाही.