साकीत बांधलेला इतिहास

परीक्षा जवळ आली की आमच्या रस्त्यावरचे लोक मला शोधत येतात. मुलाला पुढे ढकलून म्हणतात, "सार, याला चार शब्द सांगा." मी निवृत्त मास्तर, इकडच्या बोलीत 'सार', सगळी नोकरी कुंभकोणात भूगोल शिकवण्यात गेलेली, तेव्हा चार शब्द सांगण्याचा माझा हक्कच आहे असं त्यांना वाटतं. मीही सांगतो. नुसतं घोकू नका, लिहून पाहा. धडा पहिल्या ओळीपासूनच आठवत असेल तर तो आलेला नाही असं समजा, स्वतःला मधूनच प्रश्न विचारा. घड्याळ समोर ठेवून एक तरी पेपर पुरा लिहा. मास्तर काही सांगत असतील तर ते कानाआड करू नका. मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा मोठमोठ्यानं घोकायला बसतात. बाप मंडळी म्हणतात, सारांचा अनुभव दांडगा.

दांडगा कसला! यातलं एकेक वाक्य मी एकाच मुलाच्या परीक्षेतून शिकलो, आणि नुकसान झालं ते त्याचं, माझं नाही. तो माझा मामेभाऊ.

वडील गेल्यावर आई मला घेऊन कुंभकोणात भावाकडे आली. तंजावरचं मराठ्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मामांचे वाडवडील दरबारात कीर्तन करायचे. दरबार गेला, कीर्तन राहिलं. मामा आमच्या विठ्ठलाच्या मठात आणि आसपासच्या गावांत उभे राहायचे. आज तिरुनागेश्वरम्, परवा आडुतुरै. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक तमिळ, त्यांना आमची मराठी अर्धीमुर्धी कळायची, तरी ते शेवटच्या आरतीपर्यंत उठायचे नाहीत. मामांच्या मागे झांज घेऊन उभा राहायचा तो त्यांचा मुलगा. माझ्याच वयाचा. गळा असा, की मामा श्वास घ्यायला थांबले तरी लोकांना खंड पडल्याचं कळू नये.

माझ्या गळ्याविषयी मामांनी पहिल्या आठवड्यातच निकाल देऊन टाकला होता. "तुझा सूर ऐकून देव उठून जाईल रे बाळा. तूं आपला पुस्तक धर." मी पुस्तक धरलं.

त्या घरात पुस्तकाला फारशी किंमत नव्हती. आख्यानंच्या आख्यानं तोंडपाठ. बाप म्हणणार, मुलगा ऐकणार, तिसऱ्या खेपेला मुलगा म्हणणार, एवढंच शिक्षण. कागद बघून म्हणणं ही मामांच्या लेखी लाजेची गोष्ट. माझा मामेभाऊ अशा रीतीनं तासन् तास म्हणता येईल एवढं शिकला होता, आणि त्याच्या हाताला मात्र लेखणीची सवय नव्हती. अक्षर मोत्यासारखं, पण एक ओळ लिहायला तो एवढा वेळ घ्यायचा की शेजारच्याचं पान भरायचं.

तरीही त्याला शाळेची विलक्षण ओढ होती. त्यातही भूगोलाची. वर्गात हिंदुस्थानचा मोठा नकाशा टांगलेला असायचा. मधल्या सुट्टीत आम्ही बाहेर पळायचो, हा नकाशासमोर उभा. "मला हेंच करायचें आहे," तो मला म्हणायचा, "हातांत काठी घेऊन नकाशापुढे उभें राहायचें, आणि पोरांना नद्या दाखवायच्या." कीर्तनाचा त्याला कंटाळा होता असं नाही. पण ते बापाचं होतं. नकाशा त्यानं स्वतः निवडला होता.

मास्तर व्हायचं तर मॅट्रिक पास व्हायला हवं. मामांचा गळा त्या सुमारास बसायला लागला होता, त्यांना मागे माणूस हवा होता, तरी त्यांनी मुलाची वाट अडवली नाही. फक्त अट घातली. "एकदां बैस परीक्षेला. पास झालास तर तुझी वाट तुला. नाहीं झालास तर झांज धरायची, आणि मग पळ्ळिकूडमचें नांव काढायचें नाहीं." पळ्ळिकूडम् म्हणजे शाळा, तो तमिळ शब्द आमच्या घरात मराठीच होऊन बसला होता. मामा शब्दाचे पक्के होते. एकदा म्हणजे एकदाच, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सगळ्यात अडलं ते इंग्लंडच्या इतिहासावर. पुस्तक इंग्रजी, उत्तरं इंग्रजीत, राजे एकाच नावाचे पाच पाच. त्याच्या डोक्यात काही शिरेना. आम्ही दोघं सकाळी कावेरीच्या घाटावर पुस्तक घेऊन बसायचो. तिथे एक दिवस तो रडकुंडीला आलेला असताना मला अक्कल सुचली. मी म्हटलं, "साकीत म्हणून बघ." साकी म्हणजे कीर्तनात गोष्ट पुढे पळवायची असली की म्हणतात ती चाल. मी इंग्रजी वाक्यं तोडली, ओढली, जिथे मात्रा कमी पडल्या तिथे एखादं 'हो' घातलं, आणि अख्खा एक धडा साकीत बसवला. दोन दिवसांत तो त्यानं एक अक्षर न चुकता म्हणून दाखवला.

मग काय विचारता! माझ्या अंगात संचारलं. इतिहास साकीत, नद्या दिंडीत, भूमितीचे सिद्धांत ओवीत. हिंदुस्थानच्या नद्यांची दिंडी तर अशी जमली की घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. मामांनी एकदा मागे उभं राहून ती ऐकली आणि म्हणाले, "अरे, हें तर कीर्तनच झालें!" घरातल्या सगळ्यांत नालायक गळ्याच्या माणसाला कीर्तनकारानं दिलेली ती पावती होती. मी फुगलो. माझा विचार ऐकायला कोणी समोर बसलेलं असेल तर मी आजही फुगतो, तो दुर्गुण तेव्हापासूनचा.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसली नाही, आणि दिसली तेव्हा उपयोग नव्हता. त्या चाली बांधताना मी एकेक वाक्य दहादा लिहीत होतो, खोडत होतो, पुन्हा लिहीत होतो. त्या खोडाखोडीत इतिहास मला येत गेला. त्याला मिळत होती ती तयार चाल. त्यानं लेखणी हातात धरलीच नाही.

मी एकदा गंमत म्हणून त्याला मधलंच विचारलं. अमुक लढाईनंतर काय झालं? त्यानं डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ताल धरला आणि पहिल्या राजापासून सुरुवात केली. लढाईपाशी पोचेपर्यंत माझी आंघोळ करून झाली. मी हसलो. "तुझी गाडी पहिल्या स्टेशनावरूनच सुटते होय रे?" तोही हसला. शाळेतल्या सारांनी मला एकदा बाजूला घेऊन बजावलं होतं की तुझ्या भावाला रोज लिहायला लाव, तोंडानं म्हणून परीक्षा होत नाही. तो निरोप मी त्याला दिला नाही. माझ्या चालींना नावं ठेवलेली मला सहन झाली नाहीत, दुसरं काही कारण नव्हतं.

इतिहासाचा पेपर सकाळचा होता. देखरेखीला परगावचे गृहस्थ आले होते, पगडी, लांब कोट, कपाळावर आठी. त्यांना आमची दोघांचीही ओळख असण्याचं कारण नव्हतं. मामेभाऊ पुढच्या बाकावर, मी त्याच्या तिरपा मागे, दीड हातावर. प्रश्नपत्रिका हातात आली तशी मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. प्रश्न अवघड नव्हते, पण एकही धड्याच्या सुरुवातीचा नव्हता. सगळे मधले.

त्याची पाठ मला दिसत होती. मान थोडी तिरकी झाली, म्हणजे डोळे मिटले. मग ओठ हलायला लागले असणार, कारण त्या गृहस्थांनी लांबून "गप्प!" म्हणून दटावलं. तो गप्प झाला. आवाजाविना आणि तालाविना त्याला पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. थोड्या वेळानं त्याच्या डाव्या हाताची बोटं बाकावर पडायला लागली. एक, दोन, थांबून तीन. मला तो ताल कळत होता, मीच बसवलेला. तो दुसऱ्या राजापाशी होता आणि प्रश्न कुठल्या कुठे होता. मग बोटांबरोबर नकळत नाकातून सूर निघाला.

ते गृहस्थ ताडताड आले. बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, हा बोटांच्या खुणांनी मागच्याला उत्तरं कळवतोय. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हा काय करतोय, तुला ठाऊक आहे?"

उत्तर एका वाक्याचं होतं. हा कीर्तनकाराचा मुलगा आहे, गायल्याशिवाय त्याला आठवत नाही, आणि ही सवय मी लावली आहे. कदाचित ते हसले असते. कदाचित दोघांनाही बाहेर काढलं असतं. मी त्या दुसऱ्या कदाचितचा विचार केला. माझ्या आईचा विचार केला असंही मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही; मी माझ्या अर्ध्या लिहिलेल्या पेपराचा विचार केला. मी हळू आवाजात म्हणालो, "मला ठाऊक नाही, सर. मी आपला पेपर लिहितोय."

त्याचा पेपर काढून घेतला. त्यावर दीड उत्तर होतं. तो अंगवस्त्र सावरून उठला आणि मागे न बघता बाहेर गेला. त्यानं ऐकलं नसेल अशी मी मनाशी समजूत घातली. त्यानंतर माझा हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. हात थरथरला नाही. मी सगळे प्रश्न सोडवले, आणि इतिहासातच मला सर्वांत जास्त गुण पडले.

बाहेर तो चिंचेखाली बसला होता. "कसा गेला रे तुझा पेपर?" त्यानं विचारलं.

"बरा."

"मग बरें झालें," तो म्हणाला आणि आम्ही घरी गेलो.

त्या काळी एका विषयात पडलं की सगळ्यातच पडल्यासारखं होतं. मी पास झालो. मामांनी विचारलं तेव्हा तो "मला आलें नाहीं" एवढंच म्हणाला. बाहेर काढल्याचं त्यानं सांगितलं नाही, चाली कोणी बांधल्या तेही नाही. मी शेजारीच मूग गिळून बसलो होतो. मामांनी मला पास झाल्याबद्दल नवं वेष्टी, म्हणजे धोतर, दिलं आणि त्याच संध्याकाळी चोळपुरम्‌च्या कीर्तनाला त्याला मागे उभं केलं. मी ते वेष्टी नेसून समोर बसलो होतो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे मी मास्तर झालो, आणि तेही भूगोलाचा. हातात काठी, समोर नकाशा. तो मोठा कीर्तनकार झाला. मामांपेक्षाही चांगला, असं जुने लोक म्हणायचे. लोक त्याच्या पाया पडायचे तेव्हा मला हायसं वाटायचं. चला, त्याचं भलंच झालं, असं मी बायकोजवळही बोलून दाखवायचो. पण त्यानं हे मागितलं नव्हतं. त्यानं नकाशा मागितला होता, आणि तो माझ्या वर्गात टांगलेला होता.

माझ्या मुलाची परीक्षा आली त्या वर्षी तो आडुतुरैचं कीर्तन आटोपून दोन दिवस आमच्याकडे राहिला होता. सकाळी मुलगा ओसरीवर नद्या घोकत होता आणि गोदावरीपाशी अडखळला. आतून याचा आवाज आला. सिंधूपासून सुरुवात करून त्यानं ती अख्खी दिंडी म्हटली, एक उपनदी न गाळता, थेट ताम्रपर्णीपर्यंत. इतक्या वर्षांत मी ती विसरून गेलो होतो. मुलगा तोंडात बोट घालून बघत राहिला. "काका, तुम्ही तर पहिल्या वर्गात पास झाले असाल!"

"नाहीं रे. तुझा बाप झाला," तो हसून म्हणाला. मग बाहेर येऊन मुलाशेजारी बसला आणि त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "तूं गाऊं नको. लिही. मधलेंच कांहीं तरी काढ आणि लिही. आणि हें एक लक्षांत ठेव, हॉलांत पुढच्याला कांहीं झालें तर तूं लक्ष द्यायचें नाहीं. कोणी विचारलें तर म्हण, मला ठाऊक नाहीं, सर, मी आपला पेपर लिहितोंय. काय?"

मुलानं मान डोलावली आणि लिहायला लागला.

मी मामेभावासाठी ताकाचा पेला घेऊन दारात उभा होतो. त्याचा आवाज चढला नव्हता, माझ्याकडे त्यानं पाहिलंही नव्हतं. तो पोराला खरोखरच शहाणपणाचं सांगत होता, आणि त्यामुळेच मला जागचं हलता येईना. शेवटी त्यानंच वर बघून हात पुढे केला, ताक प्यायला आणि रिकामा पेला माझ्याकडे दिला. "चांगलें झालें आहे," म्हणाला.

त्यानंतर तो बरीच वर्षं होता. दर खेपेला मी ठरवायचो की या वेळी बोलायचं, आणि दर खेपेला मी त्याला स्टेशनावर पोचवून परत यायचो. आता तो नाही. मुलं येतात, मी त्यांना चार गोष्टी सांगतो. त्यानं माझ्या मुलाला सांगितलेली पाचवी गोष्ट मी कोणालाही सांगत नाही.